‘असई’ नावाची आगबोट

आमच्या हिंगोलीकरांची समुद्राशी ओळख ती पुस्तकातली. कयाधूला पूर आला म्हणजे जेवढे पाणी दिसते, तेवढाच आमचा दर्या! तरीही एका लढाऊ आगबोटीची हकिगत येथे बसून सांगावीशी वाटते. कारण तिचे नाव मराठवाड्यातल्याच एका खेड्याचे होते : असई.

जालना जिल्ह्यातल्या या गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांना त्या विजयाचा अभिमान एवढा, की पन्नास वर्षांनी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या आगबोटीलाही त्यांनी तेच नाव दिले. नाव आपल्या पराभवाचे, पण बांधणारे हात मात्र इथलेच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले, तेव्हापासून या गोदीत त्यांच्या घराण्याची कारागिरी नांदत होती. १८५४ साली ‘असई’ आणि तिची जुळी बहीण ‘पंजाब’ पाण्यात उतरल्या. भक्कम सागवानी अंग, वर शिडे, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी प्रचंड चाके आणि पोटात कोळशावर चालणारे इंजिन. वारा पडला तरी अशी बोट नदीत शिरून किल्ल्यावर तोफा डागू शके. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात मिसिसिपी नदीवर जे घडले, त्याची ही आधीची आवृत्तीच म्हणा ना!

१८५६ मध्ये हेरातच्या प्रश्नावरून इंग्रजांचे इराणशी युद्ध जुंपले. डिसेंबरात बुशहरवर तोफा डागणाऱ्या आरमारात ‘असई’ होती. मग २६ मार्च १८५७ रोजी पाळी आली ती मोहमराची, म्हणजे आजच्या खोर्रमशहरची. कारुन नदी जेथे शत्त-अल्-अरबला मिळते, तेथे इराण्यांचे मोर्चे होते. पहाटे तराफ्यावरच्या उखळी तोफांनी सुरुवात केली; मागोमाग ‘असई’सह आगबोटी पुढे सरसावल्या. बंदुकीच्या गोळ्या अडवण्यासाठी बोटींवर चक्क गवताचे गठ्ठे रचले होते! मोर्चे थंडावले, सैन्य किनाऱ्यावर उतरले आणि इराणी फौज तोफा टाकून माघारी वळली.

पण या विजयातली विचित्र गोष्ट पुढेच आहे. दोन्ही देशांचा तह पॅरिसमध्ये ४ मार्चलाच झाला होता! बातमी येऊन पोचली ती एप्रिल उजाडल्यावर. कागदावर बावीस दिवसांपूर्वी मिटलेल्या भांडणात त्या दिवशी दोन्हीकडची माणसे मेली. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचे? बातमी वाटेत होती, एवढेच?

युद्ध मिटल्यामुळे इराणातल्या इंग्रज पलटणी मोकळ्या झाल्या आणि लगोलग हिंदुस्थानात १८५७ चा वणवा पेटला. त्याच मोहिमेवरून परतलेला हॅवलॉक कानपूर-लखनौच्या वाटेला लागला. पुढच्या वर्षी ह्यू रोजच्या सैन्याबरोबर झाशीच्या मोहिमेत हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्या होत्या, आणि त्याच दलाची एक छावणी आमच्या हिंगोलीत होती. आपलीच माणसे आपल्याच माणसांवर चालून गेली. यादवी म्हणजे याहून वेगळी ती काय असते?

१८६३ मध्ये इंग्रज सरकारने हे हिंदी आरमारच मोडीत काढले. ‘असई’ आणि ‘पंजाब’ विकल्या गेल्या, इंजिने उतरली, नुसती शिडे उरली. पण नशिबाची गंमत पाहा! १८६४ साली इराणच्या आखातात तारायंत्राची तार समुद्रतळाशी टाकायची होती. त्या तारेची अवजड वेटोळी पोटात घेऊन जी गलबते निघाली, त्यांत या दोघी होत्या. बुशहरला जिने तोफा डागल्या, तीच ‘असई’ आता बुशहरला निरोपाची तार नेण्याच्या कामी लागली. १८६५ पासून हिंदुस्थानची तार त्या वाटेने लंडनला जाऊ लागली. हीच तार आठ वर्षे आधी पडली असती, तर मोहमराची पहाट कदाचित शांत उजाडली असती.

त्याच १८६५ साली ‘असई’ आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. ‘पंजाब’ ‘द ट्वीड’ या नव्या नावाने १८८८ पर्यंत समुद्रावर राहिली. आपल्या दिवाळीच्या शुभेच्छा आज क्षणात सातासमुद्रापार पोचतात. त्या धाडताना ‘असई’च्या तोफांची आठवण कुणी ठेवू नये, पण तिने वाहिलेल्या तारेची जरूर ठेवावी.