उसाच्या मुलखातली व्हिस्की

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा ओलांडताच शिरवळ, मग खंडाळा आणि पुढे खंबाटकीचा घाट. लोणावळ्याशेजारचा खंडाळा निराळा; तिथे पर्यटक जातात, इथे हंगामात उसाच्या ट्रॉल्या. तालुक्यात म्हावशीला साखर कारखाना आहे आणि घाट उतरल्यावर भुईंजचा किसन वीर कारखाना. एक टन ऊस गाळला की साखरेखेरीज साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. एक टन मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की अडीचशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळतं. यातलं बरंचसं आता पेट्रोलमध्ये जातं. पण देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कितीतरी स्वस्त बाटल्यांचा पायाही हाच असतो.

युरोपीय संघात अशा दारूला व्हिस्की म्हणता येत नाही. तिथल्या नियमानुसार व्हिस्की धान्याचीच हवी आणि ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी. आपली मद्याची अन्नसुरक्षा नियमावली २०१८ची, लागू झाली १ एप्रिल २०१९ पासून. ती शेतमालापासून काढलेलं शुद्ध स्पिरिट व्हिस्कीत चालवून घेते, आणि ऊस हा शेतमालच.

फरक कळतो का? जिभेला जवळजवळ नाही. उंच स्तंभांतून पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल ९६ टक्क्यांवर नेलं की मूळ पदार्थाचा वास-चव मागे पडते. कारखान्यात याला ‘ईएनए’ (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) म्हणतात. कार्बनचे अणू मात्र माग सोडतात. ऊस प्रकाशसंश्लेषण करतो ते सी-४ पद्धतीने, बार्ली सी-३ पद्धतीने. त्यामुळे दोघांच्या अल्कोहोलमध्ये जड कार्बन-१३चं प्रमाण वेगळं येतं आणि प्रयोगशाळेत उसाचं बिंग फुटतं. गंमत अशी की मकाही सी-४च. अमेरिकी बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो, तेव्हा मका आणि ऊस एकमेकांपासून वेगळे काढायला ही चाचणी फारशी कामाची नाही.

म्हणून लेबलावर ‘व्हिस्की’च्या आधी काय छापलंय ते वाचावं. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे फक्त मोड आणलेली बार्ली, तांब्याच्या भांड्यातलं ऊर्ध्वपातन आणि एकच डिस्टिलरी. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागतो, पिंपाला नाही. अनेक पिंपांतली दारू एकत्र केली तरी ती सिंगलच राहते. ‘ब्लेंडेड स्कॉच’मध्ये माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की मिसळलेली असते, पण सगळी स्कॉटलंडमध्येच मुरलेली. बर्बनला आतून जाळलेलं, कोरं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्यांना पुन्हा चालत नाही, मग ते स्कॉटलंडला जातं किंवा आपल्याकडे येतं. बंगळुरूच्या अमृतने २००४ साली ग्लासगोत भारतीय सिंगल माल्ट आणली, गोव्याची पॉल जॉन २०१२त आली. आपल्या राज्यात नाशिकजवळ दिंडोरीलाही आता सिंगल माल्ट तयार होते.

वयाचा आकडा हा लेबलावरचा सगळ्यात फसवा मजकूर. ‘१२ वर्षं’ म्हणजे त्या मिश्रणातली सर्वांत कोवळी दारू १२ वर्षांची. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के दारू उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या हवेत हा वाटा १० टक्क्यांच्या वर जातो. हिशोब मांडून पाहा: १०० लिटरमधून दरवर्षी २ टक्के गेले तर १२ वर्षांनी ७८ लिटर उरतात, १० टक्के गेले तर जेमतेम २८. आमचे देवदूत जरा जास्तच तहानलेले! उष्णतेने दारू फुगते, लाकडात खोल शिरते, रंग-चव लवकर ओढते. त्यामुळे आपल्याकडचे चांगले माल्ट कमी वर्षांतच बाटलीत भरतात आणि पुष्कळांच्या लेबलावर वय नसतंच. त्यात कमीपणा काही नाही. रंगावरून वय ओळखायला मात्र जाऊ नका. स्कॉचमध्येसुद्धा साधं कॅरामेल घालायला कायद्याने परवानगी आहे.

राहिली तीव्रता. भारतीय बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा दिसतो, सोबत कधी ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यूपी’. यूपीचा उत्तर प्रदेशाशी संबंध नाही, तो इंग्रजांच्या काळचा ‘अंडर प्रूफ’. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून काडी लावायची आणि ती पेटली तर मद्य खरं, अशी जुनी पारख सांगतात. पुढे प्रूफची रेषा सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोलवर ठरली. तिचे पाऊणपट म्हणजे ४२.८. ‘७५’ वाचून बाटलीत ७५ टक्के अल्कोहोल आहे असं समजणारं गिऱ्हाईक तेवढं बिचकतं, किंवा भलतंच खूश होतं.