तारा विझण्यापूर्वी

आकाश म्हटले की आपल्या मनात स्थैर्याची कल्पना येते. सप्तर्षी आपल्या आजोबांनी पाहिले तसेच आपणही पाहतो. ‘अढळ’ हे विशेषण तर आपण ध्रुवाला देऊनच टाकले आहे. परंतु त्याच आकाशात काही घटना काही सेकंदांत, काही तासांत, काही दिवसांत किंवा काही महिन्यांत सुरू होऊन संपतात. कुठे एखाद्या ताऱ्याचा स्फोट होतो, कुठे दोन मृत तारे एकमेकांवर आदळतात, तर कुठे कृष्णविवर एखाद्या ताऱ्याच्या चिंधड्या करते. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर दुसरी परीक्षानळी घेता येते. येथे ती सोय नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. आमच्या घरात पणजोबांच्या आधीची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नाही. वेळीच नोंद झाली नाही की काय हरवते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ या क्षणिक घटनांची नोंद कशी करतात, याचे मला कुतूहल वाटले.

त्यांची पहिली अडचण म्हणजे आपली पृथ्वीच. ती फिरते, त्यामुळे दृश्य प्रकाश टिपणारी दुर्बीण कितीही मोठी असली तरी सकाळ झाली की तिचे काम थांबते. ढग आले तरी तेच. पनवेलच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने तारे दिसत नाहीत, हे आपण अनुभवतोच. यावर उपाय एकच : एकीने पाहणे थांबवले की दुसरीने सुरू करायचे. पूर्वी एका स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनला विचारून गाडी सोडत असे, तसे हे काम एका दुर्बिणीने दुसरीच्या हवाली करायचे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी याची मोठी कसोटी लागली. अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या यंत्रांनी गुरुत्वलहरी टिपल्या. त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी या उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. जगभर सूचना गेली. अकरा तासांच्या आत चिलीमधील एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीने तो नवा ठिपका शोधला. ठिकाण होते सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरची एनजीसी ४९९३ ही दीर्घिका. मग सुमारे सत्तर वेधशाळा तिकडे वळल्या. आरंभी निळसर असलेला तो प्रकाश काही दिवसांतच लालसर होऊन मावळला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी, या घटनेचा मागोवा घेतला.

एवढ्या दुर्बिणींचा मेळ घालायचा तर टेलिफोन पुरत नाही. ते काम सामाईक संगणक-प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, करते. आजच्या छायाचित्रातून त्याच जागेचे जुने छायाचित्र संगणक वजा करतो. जे उरते ते नवे. त्यातून लघुग्रह, नेहमीचे चंचल तारे आणि कॅमेऱ्यातील दोष चाळून बाजूला काढतात. उरलेल्या ठिपक्याचे स्थान, वेळ आणि तेजस्विता सर्वांना कळवली जाते. सूचना महत्त्वाची असेल तर दुर्बीण हातचे काम बाजूला ठेवून तिकडे वळते. कोणी काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे सहभागी वेधशाळांना एकाच ठिकाणी दिसते. त्यामुळे तेच काम दोघांकडून होत नाही.

डॉ. मानसी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्रोथ’ या प्रकल्पाने अशीच साखळी उभारली. त्याच्या इंग्रजी नावात ‘रिले’ हा शब्दच आहे. कॅलिफोर्नियात पहाट होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, म्हणून या साखळीत भारताचा दुवा मोलाचा ठरला. पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, ०.७ मीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण उभारली. २०१८ साली ती सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील झ्विकी सर्वेक्षणाला एक विलक्षण तेजस्वी ठिपका दिसला. एका कृष्णविवराने तारा फाडला होता आणि त्यातून निघालेला झोत नेमका आपल्या दिशेने होता. त्याचा प्रकाश सुमारे ८५० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. त्याच्या अभ्यासात हान्ले आणि खोडद या दोन्ही ठिकाणच्या दुर्बिणींचा वाटा आहे.

तथापि यंत्राने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. चिलीतील रुबिन वेधशाळा एकेका रात्री लक्षावधी सूचना देईल, अशा बेताने उभारलेली आहे. त्यांतील कोणत्या दहा-वीस पाहायच्या आणि कोणत्या सोडायच्या? संगणक क्रम लावतो, पण तो कोणत्या कसोटीवर लावायचा हे माणूसच ठरवतो. जे सोडले ते कायमचे गेले. दुसरा प्रश्न मनाचा आहे. आपल्याला सापडलेली गोष्ट लगेच इतरांना सांगायची, म्हणजे श्रेयही वाटून घ्यायचे. २०१७ च्या त्या शोधाचा मुख्य निबंध हजारो शास्त्रज्ञांच्या नावांनिशी प्रसिद्ध झाला!

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय केंद्र उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दूरच्या देशात आणखी एक यंत्र आले की लहरी कोठून आल्या हे अधिक नेमके सांगता येईल आणि दुर्बिणींचा शोधण्यातला वेळ वाचेल. इतिहासात एका साक्षीदारावर विसंबू नये, असे आम्हांला शिकवतात. हान्ले, खोडद आणि उद्याचे औंढा हे असेच साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष वेळेवर एकत्र यावी, एवढ्यासाठीच तर हा सारा खटाटोप!