रवींद्रनाथ ठाकूर यांचे विज्ञान व तंत्रज्ञानविषयक विचार

बंगाली कवी रवींद्रनाथ ठाकूर (१८६१–१९४१) यांना पुष्कळदा यंत्रविरोधी मानले जाते. हा समज मुख्यतः त्यांच्या दोन नाटकांवरून झालेला असून तो अपुरा आहे. विज्ञानाची ओढ त्यांना आयुष्यभर होती. आक्षेप होता तो यंत्र सत्तेच्या व लोभाच्या हाती जाण्याला.

‘मुक्तधारा’ (१९२२) या नाटकात यंत्रराज विभूती धबधब्यावर बांध घालतो. त्या बांधामुळे राजाला शिवतराईच्या प्रजेचे पाणी तोडता येते. युवराज अभिजित बांध फोडतो आणि प्रवाहात वाहून जातो. ‘रक्तकरबी’ या नाटकातील यक्षपुरीत सोने खणणारे मजूर नावाऐवजी क्रमांकाने ओळखले जातात. राजा स्वतः जाळीआड राहतो आणि शेवटी आपल्याच व्यवस्थेविरुद्ध उभा ठाकतो.

मात्र ‘मुक्तधारा’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी रवींद्रनाथांनी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने श्रीनिकेतन येथे शास्त्रीय शेती व ग्रामोद्धाराचे कार्य सुरू केले. पुत्र रथींद्रनाथांना त्यांनी १९०६ मध्येच कृषिशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय येथे पाठविले होते.

महात्मा गांधींशी झालेल्या मतभेदांत ही भूमिका अधिक स्पष्ट होते. चरख्यावरील १९२५ च्या लेखात त्यांनी म्हटले की, एकच क्रिया न विचार करता करीत राहिल्याने माणूसच यंत्रवत होतो; उलट चाकाच्या शोधाने त्याचे कष्ट हलके केले. म्हणजे यंत्रवतपणाचा दोष त्यांना हातकामातही दिसत होता. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ईश्वरी शिक्षा म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेला स्वतःचाही विरोध असूनही रवींद्रनाथांनी या कार्यकारणभावाचा जाहीर निषेध केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात आणि अशा स्पष्टीकरणाने लोकांतील अविवेक बळावतो, असे त्यांचे म्हणणे होते.

‘विश्वपरिचय’ (१९३७) हे परमाणूपासून नक्षत्रांपर्यंतची ओळख करून देणारे बंगाली पुस्तक त्यांनी पंचाहत्तरी उलटल्यावर लिहिले व भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले.

विज्ञानाच्या सत्याविषयी मात्र त्यांचे मत बहुतेक वैज्ञानिकांना मानवणारे नव्हते. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळील कापुट येथे अल्बर्ट आइनस्टाइन यांच्याशी झालेल्या संवादात आइनस्टाइन यांनी सत्य मानवनिरपेक्ष असल्याचे मांडले. रवींद्रनाथांच्या मते, मानवी मनाशी ज्याचा काहीही संबंध नाही असे सत्य माणसाच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय. दोघांचेही समाधान झाले नाही.