उस्मानी चिलखत: कड्या आणि पत्रे

१५व्या-१६व्या शतकांतल्या उस्मानी घोडेस्वाराच्या चिलखतात लोखंडी कड्यांची जाळी आणि पोलादी पत्रे एकत्र नांदतात. छाती, पोट आणि पाठीवर पत्र्यांच्या रांगा, तर काखा, बाह्या आणि कमरेखालचा घेर यांना नुसती जाळी. पत्र्यांच्या कडांना बारीक भोके पाडून त्यांतून कड्या ओवलेल्या असत, त्यामुळे पत्रे जाळीचाच भाग होत. इराण आणि पूर्व अनातोलियातल्या तुर्कमान राजवटींतही हीच पद्धत होती.

जाळीतली प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकते. तारेच्या कडीची टोके चपटी करून एकमेकांवर ठेवायची, भोक पाडायचे आणि रिव्हेट ठोकायचा. एका अंगरख्याला अशा हजारो कड्या लागत. तुर्कीत चिलखताला 'झर्ह' म्हणतात; हा शब्द मूळचा फारसी. मराठी 'जिरेटोपा'तला 'जिरे'ही त्याच फारसी शब्दातून आलेला आहे, जेवणातल्या जिऱ्याशी त्याचा संबंध नाही.

तलवारीचा वार जाळी सहसा अडवते. अणकुचीदार बाणाचा सगळा जोर मात्र एक-दोन कड्यांवर येतो आणि रिव्हेट निखळतो. गदेच्या घावाला तर कडी तुटण्याचीही गरज नसते, कारण जाळी आत दबते आणि बरगडी मोडते. ताठ पत्रा तोच जोर मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, म्हणून दाब घटतो. तिरपे आलेले टोक त्यावरून घसरतेही.

मग सगळे अंगच पत्र्याने का मढवले नाही? खोगिरात बसून मागे वळत बाण सोडणाऱ्याला कंबर पिळावी लागते. पत्र्यांच्या रांगांमधली जाळी तिथे बिजागरीचे काम करते. १६व्या शतकातल्या काही चिलखतांत छातीवर मोठी गोल तबकडी आणि तिच्या गोलाईला बेतलेले पत्रे दिसतात. मांडी-गुडघ्याचे 'दिझचेक' याच तत्त्वावर बनत: वाटीसारखा पत्रा गुडघ्यावर आणि भोवती जाळी. बंदुकीची गोळी अडवण्याइतका जाड पत्रा मात्र अशा स्वाराला पेलवणारा नव्हता.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या आवारातले आया इरिनी हे जुने चर्च शस्त्रागार म्हणून वापरात होते. शस्त्रागारातल्या चिलखतांवर ठसा उमटवला जाई आणि आज जगभरच्या संग्रहालयांत असे नमुने त्यावरूनच ओळखतात. पण ठसा मालकी सांगतो, जन्मस्थान नव्हे. उस्मानी सुलतान पहिल्या सलीमने १५१४मध्ये इराणच्या सफवींना आणि १५१६-१७मध्ये इजिप्तच्या मामलुकांना हरवले. अशा मोहिमांतल्या लुटीच्या चिलखतांवरही तोच ठसा आहे.