उखाण्यापर्यंत आवाज मागे पडतो

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची फाइल करून दिली की गिऱ्हाईक ती दुकानातच पहिली दोन मिनिटं बघतं. गणपती, गरगर फिरत येणारी वधूवरांची नावं, मागे सनई. सगळं झकास. पेनड्राइव्ह खिशात जातो आणि रात्री जेवणाच्या सुमारास फोन येतो. गृहप्रवेशाला सूनबाई उखाणा घेतात तेव्हा ओठ आधी हलतात आणि नवऱ्याचं नाव मागून ऐकू येतं. मंगलाष्टकांपर्यंत ठीक होतं म्हणे, पुढे कुठेतरी बिनसलं.

जुन्या कॅसेटी उतरवणं आणि दुसरीकडे बिघडवून आणलेल्या फाइली जमल्या तर सरळ करणं, हा माझा धंदा. या धंद्यातली खरी अडचण अशी की, सॉफ्टवेअर स्वतःहून चूक कबूल करत नाही. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, ‘पूर्ण’ असा शब्द येतो, फाइल उघडते. चूक मात्र पाऊणशे मिनिटांनंतरच्या कुठल्यातरी प्रसंगात दडून बसलेली असते.

आवाजाचंच घ्या. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पॅल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. व्हीसीआरमधून येणारं चित्र कॅप्चर कार्ड मोजून घेत असतं. पण कॅसेट कोकणातल्या घरात वीस-पंचवीस पावसाळे काढून आलेली असली, तिला बुरशी लागलेली असली किंवा टेप मध्येच चुरगळली असली, तर चित्राचा ताल चुकतो. कार्डाला ती फ्रेम ओळखता येत नाही आणि ते ती सोडून देतं. आवाज मात्र अखंड नोंदवला जातो. मिनिटाला एक फ्रेम गळाली तरी तासाभरात ६० फ्रेम गेल्या. चित्र २.४ सेकंदांनी आखूड झालं, म्हणजेच आवाज तेवढा मागे राहिला. मिनिटाला एक गळालेली फ्रेम डोळ्याला दिसतसुद्धा नाही. शेवटचे २.४ सेकंद मात्र पाचवीतल्या पोरालाही कळतात.

हे ऐकल्यावर बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे आवाजाची पट्टी पुढे सरकवणं. मग उखाणा जुळतो आणि मंगलाष्टकं बिघडतात. म्हणून मी कशालाही हात लावण्याआधी फाइल तीन ठिकाणी तपासतो. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी असा एकेक क्षण शोधायचा की ज्यात दिसणं आणि ऐकू येणं एकदमच व्हायला हवं. लग्नात असे क्षण भरपूर. नारळ दगडावर आपटतो, हलगीवर टिपरी पडते, कुणीतरी मांडवातली लोखंडी खुर्ची पाडतं. अंतरपाट बाजूला झाल्यावरच्या टाळ्या मात्र मी घेत नाही. सगळे एकदम वाजवत नाहीत आणि भ्रम होतो. टिपरी सगळ्यात उत्तम. हलगीला टिपरी टेकली ती फ्रेम थांबवायची, खाली आवाजाच्या आलेखात टोक कुठे उठलंय ते बघायचं आणि दोन्हींतलं अंतर फ्रेममध्ये मोजायचं.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच निघालं तर नशीब चांगलं. आवाज तेवढा सरकवला की झालं. अंतर सावकाश, एकसारख्या गतीनं वाढत गेलं असेल, तर चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं चाललेलं असतं. अशा वेळी आवाज किंचित आवळून जुळवता येतो, कानाला फरक कळत नाही. पण अंतर मध्यापर्यंत शून्य आणि मग एकदम पंधरा फ्रेम असं निघालं, तर टेप त्या जागी खराब आहे असं समजायचं. इथे सरकवून आणि आवळून काही होत नाही. कॅसेट साफ करून परत उतरवायची, आणि या वेळी मध्ये टाइम बेस करेक्टर लावायचा. हे यंत्र एकेक अख्खी फ्रेम स्मृतीत ठेवून ठरलेल्या ठोक्याला पुढे सोडतं, म्हणून टेप अडखळली तरी कार्डाला फ्रेम वेळेवर मिळते. असली यंत्रं आता जुन्या बाजारातच शोधावी लागतात. व्हीसीआरचंही तेच. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तो बनवणारी ती शेवटची कंपनी होती. तेव्हापासून आम्ही एकाचे रबरी पट्टे काढून दुसऱ्याला बसवतो.

कधी बिघाड इतका ढळढळीत असतो की मोजावंही लागत नाही. भटजींचा आवाज घोगरा आणि संथ झाला, सनई रडायला लागली आणि तासाचा आवाज ६५ मिनिटांवर गेला, तर ४८ किलोहर्ट्झवर नोंदवलेला आवाज कुणीतरी ४४.१ समजून वाजवतोय. आकडा बदलला की भटजी ताळ्यावर येतात.

मोबाइलवरच्या चित्रणाचा रोग निराळा. हळदीचा कार्यक्रम संध्याकाळी, अंगणात एक पिवळा दिवा. उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात. सेकंदाला ३० वरून २४, पुन्हा बाहेर आल्यावर ३०. काही एडिटिंग सॉफ्टवेअर हा चढउतार न जुमानता सगळं ३० समजून चालतात आणि आवाज चित्राशी फारकत घेतो. एडिटिंगला बसण्याआधी फाइल एकसमान वेगाची करून घेतली की प्रश्न मिटतो. एडिट पूर्ण झाल्यावर हे ध्यानात आलं तर मात्र रात्र जाते.

दुसरी मोठी भानगड दिसते ती अक्षता टाकणाऱ्या हातांमध्ये. पॅलच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६. जुन्या कॅमेऱ्यानं त्या एकदम कधीच टिपल्या नाहीत. आधी एकाआड एक २८८, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. काचेच्या मोठ्या नळीचे टीव्ही त्याच क्रमानं ओळी रंगवायचे, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. मोबाइलचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. दोन फील्डच्या मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो, त्यामुळे हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. वधू मान खाली घालून निश्चल उभी असते, तिच्यावर एकही रेघ नाही. वरातीत नाचणारा मामा मात्र आपादमस्तक रेघारेघांचा.

यावर उपाय डीइंटरलेसिंग. दोन्ही फील्ड सुटी करून प्रत्येकातून पूर्ण चित्र बनवायचं. एफएफएमपेगसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी चांगले फिल्टर आहेत, प्रश्न फिल्टरचा नसतोच. प्रश्न असतो आधी वरच्या ओळी घ्यायच्या की खालच्या, याचा. मिनीडीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, अनेक कॅप्चर कार्डं वरचं आधी देतात. क्रम उलटा पडला तर मामा एक पाऊल पुढे, अर्धं मागे, पुन्हा पुढे असा थरथरत नाचतो. मीडियाइन्फो हे साधन फाइलची कुंडली दाखवतं, त्यात फील्डचा क्रमही लिहिलेला असतो. तो बघावा, पण त्यावर विसंबू नये. रेघांनी भरलेल्या फाइलवर ‘प्रोग्रेसिव्ह’, म्हणजे फील्ड नसलेली, असं बिनदिक्कत लिहिलेलं मी बघतो. त्यापेक्षा फील्ड सुटी करून सगळ्यात वेगानं हलणारी वस्तू एकेक पायरी पुढे न्यावी. छताचा पंखा मिळाला तर फारच छान. पातं एकाच दिशेनं सरकत गेलं तर क्रम बरोबर, मध्येच मागे आलं तर उलटा.

आणखी एक. पन्नास फील्डमधून पन्नास चित्रं निघतात, तरी कित्येक जण सवयीनं पंचवीसच ठेवतात. निम्मी हालचाल फेकून दिली जाते आणि मग व्हिडिओ ‘जुना वाटतो’ अशी तक्रार येते. जुन्या टीव्हीवर तो तसा अडखळत कधीच नव्हता.

या सगळ्यात कामाच्या क्रमाला फार महत्त्व आहे. आधी डीइंटरलेस, मग आकार मोठा करणं. हे उलट झालं तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात, रेघांचे पुसट जाड पट्टे बनतात आणि ते चित्रातच मुरतात. पुढे कुठलाही फिल्टर लावा, पट्टे निघत नाहीत, कारण कुठली ओळ कुठल्या फील्डची हे शोधायला जागाच राहत नाही. एक काका अशीच फाइल घेऊन आले होते. दुसऱ्या एका दुकानातून ‘फुल एचडी’ करून घेतलेली, वडिलांच्या साठीशांतीची. वडील आता नाहीत. मी म्हटलं, “काका, मूळ कॅसेट आणा, तासाभराचं काम आहे.” ते म्हणाले, “ती फाइल झाल्यावर रद्दीत दिली हो.” त्या फाइलीत होम चालू असताना वडिलांचा हात जेव्हा जेव्हा हलतो, तेव्हा तेव्हा त्यावर पट्टे येतात. ते तसेच राहणार.

एचडीचा हव्यास हा स्वतंत्र विषय आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेत फार तर २४० रेषांइतका तपशील असतो. तो ३८४० बिंदूंवर ताणला की फोर-के होत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं चेहरे ‘स्वच्छ’ करून देणारे निघालेत. साडीचा काठ ठीकठाक येतो, पण आजीच्या चेहऱ्यावर कुणा भलत्याच बाईची कातडी चढते. मी ते काम घेत नाही.

अमेरिकेतून येणाऱ्या कॅसेटींचीही एक गंमत आहे. न्यू जर्सीत झालेलं बारसं मिनीडीव्हीवर असतं, पण एनटीएससी पद्धतीचं, सेकंदाला २९.९७ फ्रेम. इथे कुणीतरी ‘आपल्याकडे २५ चालतात’ म्हणून त्यातल्या पाच फ्रेम दर सेकंदाला गाळतो. पाळणा हलतो तो धक्के खात. आजचे टीव्ही आणि फोन २९.९७ मुकाट्यानं चालवतात. आहे तो वेग तसाच ठेवावा.

बाकीच्या तक्रारी लवकर सुटतात. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, आवाज येतो पण चित्र नाही. एमपीफोर हे फक्त बांधणीचं नाव आहे. आत चित्र २००३ सालच्या एच.२६४ नं दाबलेलं आहे की २०१३ च्या एच.२६५ नं, यावर जुना टीव्ही ते ओळखतो की नाही हे ठरतं. एच.२६४ असूनही रंग दहा बिटांचे ठेवले तर बरेच टीव्ही हात वर करतात. आठ बिट ठेवले की चालू. एमकेव्हीचं नाव बदलून एमपीफोर केल्यानं फाइल बदलत नाही. नुसती बांधणीच बदलायची असेल तर चित्राला न दाबता ती मिनिटभरात बदलता येते, त्यासाठी चार तास रेंडर लावू नये. प्रत्येक वेळी दाबताना थोडं चित्र कायमचं जातं. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, त्यात फाइलीचा काही दोष नाही. काळे केस राखाडी दिसत असतील, किंवा काळ्या कोटाच्या सगळ्या घड्या एका डागात बुडाल्या असतील, तर काळा-पांढरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या आकड्यांत गफलत आहे: व्हिडिओ १६ ते २३५ मानतो, संगणक ० ते २५५.

आणि एक मेलेली फाइल. कॅमेऱ्याची बॅटरी ऐन सप्तपदीत संपली, कार्डावर ११ जीबीची फाइल दिसते पण काही केल्या उघडत नाही. कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची एमपीफोरमध्ये असते आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग बंद केल्यावरच लिहितात. बॅटरी गेली, सूची लिहायची राहिली. चित्र आत शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी चांगली फाइल मिळाली तर तिच्या आधारानं सूची नव्यानं बांधता येते आणि बहुतेक वेळा सप्तपदी परत मिळते. अट एकच, मधल्या काळात त्या कार्डावर दुसरं काही चित्रण केलेलं नसावं. घाबरून कार्ड फॉरमॅट करणारे शूटिंगवाले कमी नाहीत.

तेव्हा घरातली कॅसेट उतरवायला दिलीत, तर फाइल हातात आल्यावर गणपती आणि नावं बघत बसू नका. सरळ शेवटच्या पाच मिनिटांवर जा, ओठ आणि शब्द जुळतात का बघा. मग वरातीवर या, नाचणाऱ्यांच्या हातांवर रेघा आहेत का बघा. फोनवर पाठवायच्या छोट्या फाइलीबरोबर पुन्हा न दाबलेली मोठी मास्टर फाइलही मागा. मिनीडीव्हीची तासाला साधारण १३ जीबी होते, हार्ड डिस्क सोबत घेऊनच जा. आणि कॅसेट मोजून परत घ्या, घरी कोरड्या जागी उभी ठेवा. रद्दीत देऊ नका.