साठीनंतरचा बायपोलर : आजार तोच, देह मात्र बदललेला

सोलापुरातील कोणत्याही पेठेत घडू शकेल, असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. पस्तिशीत त्यांना उन्मादाचा पहिला झटका आला, ‘बायपोलर’ विकाराचे निदान झाले आणि लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांच्या आधाराने नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे असे सारे नीट पार पडले. यंदा एप्रिलमध्ये रक्तदाब वाढला म्हणून एका डॉक्टरांनी लघवी वाढविणारी गोळी दिली आणि मीठ बंद करण्यास सांगितले. गुडघेदुखीसाठी दुसरीकडून वेदनाशामक गोळी मिळाली. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला, जेवण कमी झाले आणि त्यातच एकादशीचा उपवास आला. आठवडाभरात सरांचे हात थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. घरच्यांना वाटले, वय झाले. शेजारी म्हणाले, जुना आजार उलटला. दोघांचाही तर्क चुकीचा होता. सरांच्या रक्तातील लिथियम विषारी पातळीला पोहोचले होते.

या उदाहरणात कोणीही निष्काळजीपणा केलेला नाही. सरांनी एकही गोळी जास्त घेतलेली नाही. तीस वर्षे मानवलेली मात्राच त्यांच्या बदललेल्या शरीराला जड झाली. उतारवयातील बायपोलरचे मर्म नेमके येथे आहे.

विकार म्हातारा होत नाही

बायपोलर म्हणजे मनोवस्थेच्या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारा विकार. एका टोकाला उन्माद : झोपेची गरज न वाटणे, अखंड बडबड, अवाच्या सवा खर्च, स्वत:विषयी अफाट कल्पना. दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य. भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर हजार प्रौढांपैकी सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, पण वयाबरोबर ‘जिरत’ नाही. या विकाराच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा साठी ओलांडलेला असतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

वयानुसार विकाराचे रूप मात्र बदलते. तरुणपणीच्या उन्मादातील उल्हासाची जागा अनेकदा चिडचिड, संशय आणि हट्ट घेतात. नैराश्याचे काळ अधिक लांबतात. विस्मरण आणि गोंधळ वाढल्याने स्मृतिभ्रंशाची शंका येते. उलट, साठीनंतर प्रथमच उन्माद दिसला, तर तो लगेच ‘मनाचा आजार’ समजून मोकळे होऊ नये. पक्षाघात, थायरॉईडचा बिघाड, मेंदूतील गाठ किंवा दम्यासाठी घेतलेली स्टिरॉईड औषधे ही त्याची कारणे असू शकतात. अशा वेळी शारीरिक तपासणी अनिवार्य ठरते.

मूत्रपिंडाला फरक कळत नाही

लिथियम हा मिठातील सोडियमचाच भाऊबंद. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा परिणाम प्रथम नोंदविला. तेव्हापासून आजवर या विकारावरील प्रमुख औषधांत त्याचे स्थान टिकून आहे. आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणूनही त्याचा लौकिक आहे.

हे औषध यकृतात विघटित होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले, की मूत्रपिंड सोडियम वाचवून परत रक्तात घेते. सोडियम आणि लिथियम यांत फरक करणे त्याला जमत नाही. त्यामुळे लिथियमही परत रक्तात जाते व साचत राहते. वयानुसार मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मुळातच घटलेली असते. त्यात थायझाइड जातीची मूत्रल औषधे, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ या अक्षरांनी संपणारी रक्तदाबाची औषधे आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके यांची भर पडली, की पातळी वेगाने चढते.

सोलापूरचा उन्हाळा, निर्जळी उपवास आणि आषाढीला पंढरपूरपर्यंतची पायी वाटचाल या तिन्ही प्रसंगी शरीरातील पाणी आणि मीठ घटते. श्रद्धा सोडण्याचे कारण नाही, पण लिथियम घेणाऱ्या ज्येष्ठांनी निर्जळी उपवास टाळावा आणि वारीला निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असेल, तर ते एकाएकी न करता मनोविकारतज्ज्ञांना कळवून बेताने करावे. जुलाब वा उलट्या सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हातांची ठळक थरथर, तोल जाणे, अडखळते बोलणे, ग्लानी ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसताच पुढची गोळी देण्यापूर्वी रुग्णालयात जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी.

थांबविणे हा उपाय नव्हे

हे वाचून कोणी घाबरून औषध बंद करील, तर ते अधिक घातक ठरेल. लिथियम एकाएकी थांबविल्यास उन्माद उसळण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. खरा उपाय मोजमापाचा आहे. ज्येष्ठांमध्ये रक्तातील पातळी साधारणत: ०.४ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर या कक्षेत ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. तरुणांपेक्षा ती कमी असते. तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे. दर तीन ते सहा महिन्यांनी ही पातळी आणि किमान सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, थायरॉईड व कॅल्शियम तपासावे. नवे औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात पातळी पुन्हा मोजावी. अनेक वर्षांच्या सेवनाने मूत्रपिंड दुबळे झाले असेल, तर मात्रा घटवायची की औषध बदलायचे, हा निर्णय मनोविकारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

अन्य औषधांनाही त्यांची त्यांची पथ्ये आहेत. व्हॅल्प्रोएट घेताना यकृत व रक्तबिंबिका पाहाव्या लागतात, कार्बामाझेपिन घेताना सोडियम. मनोविकारावरील काही औषधांनी साखर व वजन वाढते, तर काहींनी उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अंथरुणाला खिळणे. शिवाय बायपोलरच्या रुग्णांचे आयुष्य घटते, त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. म्हणून रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांच्याकडेही तितकेच लक्ष हवे.

घराने काय करावे?

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची एकच यादी करून ती खिशात ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरांना व औषध दुकानदारालाही दाखवावी. वर उल्लेखिलेल्या सरांच्या खिशात अशी यादी असती, तर कदाचित रक्तदाबासाठी वेगळी गोळी आणि गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल निवडले गेले असते. दुसरी गोष्ट झोपेची. सलग दोन-तीन रात्री झोप कमी होऊनही माणूस ताजातवाना दिसत असेल, तर ती उन्मादाची चाहूल समजावी. जेवण, फिरणे, झोप यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुले पुण्या-मुंबईस असतात आणि आजवर औषधाची वेळ सांभाळणारी पत्नीच आता सत्तरीकडे झुकलेली असते. तिच्यानंतर कोण, हे रुग्ण स्थिर असतानाच ठरवायला हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यासाठी दोन साधने दिली आहेत. झटका आल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने निर्णय घेण्यास मदत करणारा विश्वासू प्रतिनिधी नेमता येतो. निवृत्तिवेतन व ठेवींचे मोठे व्यवहार दोघांच्या सहीने व्हावेत, अशी व्यवस्थाही स्थिर काळातच संमतीने करावी.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. मनाचे आणि शरीराचे डॉक्टर एकाच आवारात असणे या वयात फार सोयीचे ठरते. घरबसल्या सल्ला हवा असेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

तीस वर्षे सांभाळलेले मन पुढची वीस वर्षेही सांभाळता येते. त्यासाठी घरातील ज्येष्ठाची रक्ततपासणी शेवटची कधी झाली, एवढा प्रश्न आजच विचारावा.