ब्राउझरची मूळ घडी

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, शेती, अर्थकारण असे विषय यावयाचे, ही रूढीच आहे. त्यांच्या पंक्तीला ‘वेबसाइटांमुळे बिघडलेली ब्राउझरची सेटिंग्ज पूर्ववत कशी करावी’ हा विषय मांडला, तर तो दुरुस्तीच्या दुकानातच शोभणारा आहे, असे कित्येकांस वाटेल. परंतु आज अकोल्याचा शेतकरी आपला सातबारा ज्या खिडकीतून पाहतो, अमरावतीचा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या खिडकीतून भरतो आणि निवृत्त शिक्षक आपले बँकेतील खाते ज्या खिडकीतून तपासतो, ती खिडकी म्हणजे ब्राउझर होय. ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. इंटरनेटवरील पाने आणून आपल्यासमोर मांडणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांतील परिचित नावे. ब्राउझर उघडताच प्रथम कोणते पान यावे, शोध कोणत्या सर्च इंजिनाने घ्यावा, कोणत्या वेबसाइटला नोटिफिकेशन पाठविण्याची मुभा असावी, कोणती एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडावयाची छोटी साधने, चालू असावीत, हे सर्व तो एका ठिकाणी टिपून ठेवतो. या टिपणालाच सेटिंग्ज म्हणतात. आपण काही सांगितले नाही, तर कंपनीने घालून दिलेली मूळ घडी चालते. सांगितले, तर आपली. तिसऱ्या कोणाची चालू लागली, की बिघाड झाला असे समजावे.

या बिघाडाची लक्षणे ठरलेली आहेत. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी अनोळखी नावाचे शोधपान येते. पत्त्याच्या पट्टीत लिहिलेला शब्द भलत्याच ठिकाणाहून फिरून जातो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस सापडले’, ‘आपणास बक्षीस लागले’ अशा पाट्या घडोघडी उगवतात. आपण मूळ पान पुन्हा लावावे, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बदललेले दिसते.

वऱ्हाडच्या वाचकांना ही अवस्था समजण्यास आपल्याच इतिहासातील एक दाखला पुरे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपविले आणि १९०२ च्या कराराने ते सालीना २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमचे त्यांच्याकडे गेले. निजामाचे स्वामित्व कागदोपत्री मान्यच होते. १९३६ साली तर त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. पण सारा कोण वसूल करतो, हे येथल्या कुणब्याला पक्के ठाऊक होते. बिघडलेल्या ब्राउझरचेही तसेच आहे. संगणक आपला, वीजबिल आपले. कारभार मात्र दुसऱ्याचा.

हा कारभार दुसऱ्याकडे जातो कसा? वेबसाइट नुसती उघडली की ती सेटिंग्ज बदलून टाकते, अशी अनेकांची समजूत आहे. एके काळी ती खरीही होती. २००३ च्या सुमारास इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर सर्वत्र चाले. त्यातील उणिवांचा फायदा घेऊन ‘कूलवेबसर्च’ नावाची पीडा केवळ पान उघडणाऱ्याच्या संगणकातही शिरे आणि पहिले पान बदलून टाकी. पुढे ब्राउझरची रचना सुधारली. आजचा ब्राउझर प्रत्येक पानाला वेगळ्या बंदिस्त जागेत चालवितो. तेथून त्याचा हात सेटिंग्जपर्यंत पोचत नाही. त्यामुळे आता वेबसाइटला विचारावे लागते. तात्पर्य, आजचा बहुतेक बदल चोरीने होत नाही, सहीने होतो. मात्र ती कशावर घेतली, हे सही करणाराला कळलेले नसते.

ही सही घेण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला नोटिफिकेशनचा. ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ किंवा ‘निकाल पाहण्यासाठी अलाऊ दाबा’ असे पान सांगते. वास्तविक अलाऊ या बटणाचा निकालाशी काडीचाही संबंध नसतो. आपल्या पडद्यावर केव्हाही पाट्या लावण्याची ती मुभा असते. दुसरा मार्ग एक्स्टेन्शनचा. फॉर्म भरण्यास किंवा पीडीएफ जोडण्यास उपयोगी म्हणून ते घेतले जाते, आणि ‘सर्व वेबसाइटांवरील मजकूर वाचणे व बदलणे’ एवढा मोठा अधिकार मागून घेते. तिसरा मार्ग फुकट प्रोग्रॅमचा. त्याच्या पोटात दुसरा प्रोग्रॅम दडलेला असतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत गेलेल्या मनुष्याच्या संमतीने तो आत येतो. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचे असेच एक प्रकरण उजेडात आणले. जगातील २५ कोटी संगणकांत व त्यांपैकी भारतातील सुमारे अडीच कोटींत ते शिरले आहे, असा तिचा अंदाज होता. हा आकडा फुगविलेला आहे, असे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात म्हटले. आकड्याचा वाद सोडला, तरी पहिले पान व शोधयंत्र बदलून जाहिरातींवर पैसा करणे हा त्याचा धंदा होता, यात वाद नाही.

येथे कोणी विचारील, की आपल्या एका पहिल्या पानात एवढे काय आहे? राजकमल चौकातल्या दुकानाला जे मोल, तेच या पानाला. मनुष्य आपोआप ज्या वाटेने जातो, तीवर बसणाऱ्याचा गल्ला भरतो. ॲपलच्या सफारी ब्राउझरात आपलेच शोधयंत्र मुळात लावलेले असावे, एवढ्यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून पुढे आले आहे. उजळ माथ्याने व्यवहार करणारे जिथे एवढी किंमत मोजतात, तिथे ती जागा फुकट बळकावण्याचा मोह इतरांना होणारच.

हानी केवळ जाहिरातींच्या त्रासाची असती, तर आम्ही येथे लिहिलेही नसते. शोधपान परक्याचे झाले, की उत्तरेही तो देईल तीच मिळतात. बँकेचा मदत क्रमांक शोधावा, तर ठकाचा क्रमांक वर दिसू शकतो. पीकविम्याच्या अखेरच्या दिवशी सरकारी पान शोधावे, तर तशाच रंगरूपाच्या दुसऱ्या पानावर शेतकऱ्याचा आधार क्रमांक व पासबुकाची माहिती भरली जाण्याचा धोका असतो. शिवाय घाबरून सगळा संगणक फॉरमॅट करून घेणारेही आमच्या पाहण्यात आहेत. दहा मिनिटांच्या कामासाठी ते मजुरी देतात आणि दुकानाची खाती व घरातील लग्नाची छायाचित्रे पुसून बसतात. म्हणून रोगापेक्षा उपाय जड होऊ नये, एवढी काळजी घेतली पाहिजे.

उपायात क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा माजतो. वखराने त्याची वरची पाती कापली, तरी खालची मुळे जिवंत राहतात आणि पाऊस पडला की तो पुन्हा उभा राहतो. पहिले पान बदलणे हे वखरणे झाले. मूळ निराळ्या ठिकाणी असते. तेव्हा खोदण्यास तेथूनच प्रारंभ करावा.

प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावावी आणि बिघाडाच्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करावा. नंतर विंडोजमधील डिफेंडरकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. दुसरी पायरी एक्स्टेन्शनांची. ब्राउझरमध्ये त्यांची यादी उघडावी आणि जे कशासाठी घेतले हे सांगता येत नाही, ते काढून टाकावे. तिसरी पायरी परवानग्यांची. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज व नोटिफिकेशन्स असे गेले, की मुभा दिलेल्या वेबसाइटांची यादी दिसते. त्यांतील अनोळखी नावे ब्लॉक करावीत. नुसत्या पाट्यांचाच त्रास असेल, तर पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

यानंतर चौथी पायरी रिसेटची. क्रोम व एज यांच्या सेटिंग्जमध्ये ‘रिसेट सेटिंग्ज’ असा स्वतंत्र भाग आहे. तेथे मूळ घडी परत आणण्याची आज्ञा दिली, की पहिले पान, नव्या टॅबचे पान व शोधयंत्र मूळचे होते, एक्स्टेन्शने बंद पडतात आणि कुकीज पुसल्या जातात. कुकीज गेल्यामुळे निरनिराळ्या वेबसाइटांवर पुन्हा लॉगिन करावे लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बुकमार्क, पूर्वी पाहिलेल्या पानांची नोंद आणि साठविलेले पासवर्ड हे सर्व जागेवर राहते. संगणकातील फाइलींना तर हातही लागत नाही. ही गोष्ट ठळकपणे सांगण्याचे कारण असे, की रिसेट म्हणजे सर्वनाश या भीतीने पुष्कळ लोक वर्षानुवर्षे परक्याचा कारभार सोशीत राहतात. एक्स्टेन्शने येथे केवळ बंद होतात, निघून जात नाहीत. दुसरी पायरी आधी ठेवण्याचे कारण हेच. फायरफॉक्समध्ये या क्रियेला ‘रिफ्रेश’ म्हणतात. ती एक्स्टेन्शने काढूनच टाकते आणि जुन्या माहितीचे एक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवते.

मोबाइलची गोष्ट थोडी निराळी आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये असे रिसेटचे बटण नाही. तेथे नोटिफिकेशनची यादी तपासावी आणि शोधयंत्र हाताने पुन्हा निवडावे. ब्राउझर बंद असतानाही जाहिराती उगवत असतील, तर दोष बहुधा नुकत्याच घेतलेल्या एखाद्या ॲपचा असतो, ते काढावे.

एवढे करूनही बदल परत आला, तर आणखी तीन जागा पाहाव्यात. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसते काय? कार्यालयाच्या संगणकावर ती योग्यच असते. घरच्या संगणकावर दिसली, तर एखाद्या प्रोग्रॅमने खोटा हुकूम नोंदविला असण्याचा संभव आहे, आणि तेथे जाणकाराला बोलवावे. दुसरे, डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये एखादा पत्ता शेवटी चिकटविला आहे काय? तसे असेल, तर तो शॉर्टकट टाकून नवा करावा. तिसरे, सिंक चालू असल्यास एका संगणकावरील एक्स्टेन्शन दुसऱ्यावर उतरते. म्हणून एकाच खात्याची सर्व यंत्रे एकदमच साफ करावीत. एकाच धुऱ्यावरचा कुंदा काढून भागत नाही.

साफसफाईनंतर महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. आधी बदलले, तर तेही परक्याच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. मात्र बँकेचा पासवर्ड तातडीने बदलणे भाग असेल, तर तो दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावा. पैसे गेले असतील, तर संगणक दुरुस्त करीत बसू नये. प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तेथे वेळेला किंमत आहे. सेवा केंद्रे, ग्रंथालये, वसतिगृहे यांतील संगणक तर अनेकांच्या हातांखालून जातात. एकाने नकळत दिलेली मुभा तेथे शंभरांना भोवते. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा वरील तपासणी करण्याचा पाठ घालावा, आणि सरकारी कामाचे पत्ते शोधत न बसता बुकमार्कमध्ये नोंदवून ठेवावेत.

हे ज्ञान अवघड नाही. ते फक्त सर्वांपर्यंत पोचलेले नाही. पूर्वी गावात पत्र वाचून दाखविणारा एखादा मनुष्य असे, आणि कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका, असे तोच बजावून सांगे. आज प्रत्येक घरातील जाणत्या मुलामुलींनी ते काम केले पाहिजे. आजोबांच्या फोनवरील पाट्या नुसत्या पुसून देऊ नयेत. अलाऊ म्हणजे काय, ते त्यांना एकदा बसवून सांगावे. बिघडलेली घडी रिसेटच्या एका बटणाने परत येते खरी. पण ती टिकणे, न टिकणे हे पुढच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर अवलंबून आहे.